नातं नसल्याचा दाखला

वासणा, बडोदे
कोजागिरीचा आदला दिवस

तीर्थरूप लीलाआत्यास,

चारूचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तरी वाकून).

तुझे गुडघे कसे आहेत? इंदुरात सकाळचा गारवा सुरू झाला असेल. मागे पाठवलेले लोकरी पायमोजे पेटीत डांबराच्या गोळ्यांबरोबर न ठेवता पायांत घाल, ते त्याचसाठी असतात. तुझ्या शाळेतल्या जुन्या मुली अजून येऊन तुझ्याकडून बोलणी खाऊन जातात का? इकडे सगळं ठीक. बाबांचं ब्लडप्रेशर आटोक्यात आहे, माझं नाही. फोनच केला असता, पण तू फोन उचलून "कोण गेलं?" एवढंच विचारतेस आणि कोणी गेलेलं नसलं की ठेवून देतेस. म्हणून पत्र लिहिते आहे. लांबणार आहे, तेव्हा चष्मा पुसून घे आणि गॅसवर काही ठेवलं असेल तर ते आधी उतरव.

तुझी भाची डॉक्टर झाली (सुया टोचणारी नव्हे) ह्याला आता पाच वर्षं झाली. प्राणिशास्त्राच्या विभागात मला टेबल आहे, खुर्ची आहे, कपाटाची एक किल्ली आहे. पगार तेवढा नाही. हल्ली अशी पद्धत आहे की विभागात काम करायचं, पण पगार बाहेरच्या एखाद्या संस्थेकडे अर्ज करून आपला आपण आणायचा. घरजावयाने येताना स्वतःचा शिधा बांधून आणावा, त्यातलाच प्रकार. ह्याला फेलोशिप म्हणतात. गेली पाच वर्षं मी कुठून एक वर्षाचा, कुठून दीड वर्षाचा शिधा आणून तग धरला. आता बंगलोरच्या एका संस्थेची तीन वर्षांची फेलोशिप निघाली. तिला वयाची अट आहे आणि येत्या जानेवारीत मी त्या अटीच्या पलीकडे जाते. म्हणजे मिळाली तर आत्ता, नाहीतर कधीच नाही. नाही मिळाली तर मकरपुऱ्यात एका रंगाच्या कारखान्यात नोकरी तयार आहे. कंपनीची बस आपल्या कोपऱ्यावर येते, दुपारचं जेवण मिळतं, दिवाळीला मिठाईचा डबा मिळतो. बाबांच्या मते रंग ही चांगली, स्वच्छ वस्तू आहे. असेल. पण मला ती नोकरी नको आहे, आत्या. मला माझं काम करायचं आहे, आणि हे मी तुला सरळ लिहिते, कारण ह्या घरात सरळ बोललेलं तुझ्याशिवाय कोणाला कळत नाही.

माझं काम म्हणजे शेणकिडे, हे तुला ठाऊक आहे. बाबा बाहेर "शेतीविषयक संशोधन" म्हणतात. शेजारच्या काकूंनी फारच खोदून विचारलं तेव्हा "गोमय-कीटक" म्हणाले, आणि त्या बाईंनी हात जोडले. तर ह्या किड्यांचं असं आहे की ते शेणाचे गोळे करून जमिनीत पुरतात, म्हणून जमीन कसदार राहते आणि गावात माश्या कमी होतात. हल्ली गुरांना जंतांचं औषध देतात ते शेणात उतरतं आणि किडे मरतात. पादऱ्याच्या बाजूला अशी कुरणं मी पाहिली आहेत, जिथे शेणाच्या पोवट्या आठवडेच्या आठवडे तशाच वाळत पडतात, कोणी त्यांच्याकडे फिरकत नाही. मला ते बघवत नाही. लोकांना देवळं ओस पडलेली बघवत नाहीत, तसं काहीसं. अर्जात एक रकाना होता, "आपले संशोधन सामान्य माणसाला समजेल असे लिहा." आमच्याकडे सामान्य माणूस एकच आहे, त्यांना वाचायला दिलं. बाबांनी लाल पेनाने सगळं दुरुस्त केलं. आपले पणजोबा सरकारी दफ्तरात होते, त्यांची शाई अजून ह्या घराण्याच्या रक्तात आहे असं त्यांचं म्हणणं. परत आलं तेव्हा त्याची सुरुवात होती, "उपरोक्त किडा हा स्वभावतः कष्टाळू असून सदरहू किड्याचे वर्तन समाधानकारक आहे." मी ते वाक्य खोडलं. मग पुन्हा घातलं. एकूण अर्जात खरं म्हणावं असं तेवढंच वाटलं.

मग खर्चाचं पान. त्यात मी प्रामाणिकपणे "शेण, ताजे, आठवड्याला दोन टोपल्या" असं लिहिलं. विद्यापीठाच्या हिशेबखात्याने अर्ज परत पाठवला. कुठलीही वस्तू घ्यायची तर तीन ठिकाणची कोटेशनं हवीत, असा नियम आहे. मी म्हटलं, शेण फुकट मिळतं. ते म्हणाले, फुकट असेल तर तीन ठिकाणी फुकट आहे असं लिहून आणा. मी स्कूटर काढून पादऱ्याला गेले. तिथल्या एका शेतकऱ्याने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "बेन, छाणना ते कई पैसा होय?" मी तेच, शेणाचे पैसे नसतात असं, लिहून द्या म्हटल्यावर त्याने घरातून बायकोला बोलावलं, तिने मला ताक दिलं आणि घरी कोणी मोठं माणूस आहे का असं विचारलं. शेवटी तिघांनी लिहून दिलं. तिघांच्याही मजकुरात एका अक्षराचा फरक नव्हता, कारण तिन्ही मीच लिहिले होते. हिशेबखातं खूश झालं.

अर्ज गेला, आणि आत्या, पहिल्या चाळणीतून पारही पडला. बंगलोरहून पत्र आलं की आमचे एक तज्ज्ञ येऊन विभाग बघतील, काम बघतील, अहवाल देतील, आणि त्या अहवालावर सगळं ठरेल. तज्ज्ञ येणार होते ऐन नवरात्रात. बडोद्याच्या माणसाने नवरात्रात काम ठरवलं नसतं, पण बंगलोरला काय कळणार. रात्री गरबा आणि दिवसा डुलक्या, असा सगळा विभाग चालला होता. त्यातच किड्यांच्या खोलीतला एसी बंद पडला. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "बेन, नोरतां पछी." किडे काही नवरात्र संपेपर्यंत थांबणार नव्हते. आपल्या घरी एसी एकाच खोलीत आहे, बाबांच्या. तेव्हा चार मोठे डबे, त्यांतली माती, शेण आणि किडे बाबांच्या खोलीत गेले आणि बाबा बाहेर दिवाणावर आले. पहिल्या दिवशी त्यांनी दोन तास भाषण केलं. तिसऱ्या दिवशी मी बघते तर डब्याशी स्टूल घेऊन बसलेले, आणि मलाच सांगायला लागले की तो कडेचा आहे ना, तो दुसऱ्याचा गोळा पळवतो, आपल्या पुरवठाखात्यात असे दोन होते.

तज्ज्ञ आले. नाव अविनाश चौबळ, पुण्याचे. (हे आडनाव वाचून तू पत्र खाली ठेवलं असशील तर कृपा करून पुन्हा उचल. मी अजून अर्ध्यावरच आहे.) पन्नाशीचे, शिडशिडीत, चष्मा गळ्यात अडकवलेला, आणि इतके नियमाचे की स्टेशनवरून आमची गाडी न घेता रिक्षाने आले. बंगलोरच्या पत्रात बजावलं होतं की तज्ज्ञांना चहा-बिस्किटापलीकडे काही देऊ नये. आमच्या विभागप्रमुख निरुपमाबेन म्हणजे अन्नपूर्णाच. घरी पाहुणा यावा आणि चहा-बिस्किटावर जावा ह्या विचाराने त्यांना आदल्या रात्री झोप आली नाही. ("महेमान आवे ने खाली चा?" असं त्या मला चार वेळा म्हणाल्या.) शेवटी त्यांनी टेबलावर बिस्किटांचा पुडा ठेवला, आणि त्याच्या आसपास खमण, पात्रा, लीलो चेवडो आणि पेढे ठेवले, ते आमच्या स्टाफसाठी आहेत असं जाहीर करून. चौबळसरांनी फक्त बिस्किट खाल्लं. निरुपमाबेनच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

पण कामात माणूस पक्का. माझे तक्ते बघितले, कुरणांचे फोटो बघितले, अडचणीचे प्रश्न विचारले आणि उत्तरं शेवटपर्यंत ऐकून घेतली, हे आजकाल कोण करतं? मला वाटायला लागलं की जमतंय. मग ते म्हणाले, किडे कुठे आहेत? मी बाबांना फोन केला. ठरल्याप्रमाणे त्यांनी डबा दरवाज्यात शिपायाकडे देऊन परत जायचं होतं. दहा वेळा सांगितलं होतं, आत यायचं नाही, बोलायचं नाही. बाबा इस्त्रीचा शर्ट, काळी टोपी आणि हातात डबा अशा थाटात सरळ प्रयोगशाळेत आले.

तुझ्या भावाची सवय तुला मी काय सांगू? समोर मराठी आडनाव आलं की बाबांना त्याच्याशी नातं काढल्याशिवाय पाणी गिळत नाही. बडोद्यातली सगळीच म्हातारी मंडळी थोडीफार तशी आहेत, पण बाबा त्यांत अट्टल. मागे चौकात ट्रॅफिकच्या पोलिसाने पकडलं तर पावती फाडून होईपर्यंत तो मोहिते आपल्या वहिनींच्या माहेरच्या शेजाऱ्यांचा जावई निघाला, आणि बाबा दंड भरून वर त्याला घरी जेवायला बोलावून आले. तर डबा टेबलावर ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, चौबळ म्हणजे दांडिया बाजारातले का? सर म्हणाले, आजोबा होते तिथे. बाबा खुर्ची ओढून बसले. आजोबा म्हणजे पागेच्या कचेरीतले ते? मग भास्करराव तुमचे कोण? सर म्हणाले, थोरले काका. मी टेबलाखालून बाबांच्या बुटावर पाय दिला. बाबा म्हणाले, "अगं, पाय काय देतेस, हे तर घरचेच निघाले."

चौबळसरांचा चेहरा पडला. त्यांनी बॅगेतून एक कागद काढला. अर्जदाराशी माझं रक्ताचं, लग्नाचं किंवा ठरलेल्या लग्नाचं कसलंही नातं नाही, असं त्यावर छापलेलं होतं आणि खाली त्यांची सही व्हायची होती. त्यांनी पेनाचं टोपण पुन्हा लावलं. बाबांना वाटलं, नातं कळून त्यांना भरून आलं. त्यांनी आपल्या हाताने त्यांना एक पेढा दिला, आणि आता नियम मोडलाच आहे म्हणून असेल, सरांनी तो खाल्ला. त्या दिवसातला निरुपमाबेनचा तेवढा एकच आनंद.

चौबळसर लपवाछपवी करणारे नव्हेत. त्यांनी त्याच संध्याकाळी बंगलोरला कळवलं की नातं असण्याचा संभव आहे. तिथून एका बाईंचा निरोप आला की नातं आहे की नाही ते एकदा पक्कं सांगा. नसेल तर अहवाल धरू. असेल तर तो रद्द होईल, नवे तज्ज्ञ पुढच्या वर्षी येतील. पुढच्या वर्षी मी अटीच्या बाहेर असेन, ते वर लिहिलंच आहे. मी बाबांना म्हटलं, तुम्ही चुकलात असं दोन ओळींत लिहून द्या. बाबा म्हणाले, "मी नात्यात कधी चुकलेलो नाही." जेवले नाहीत. मीही जेवले नाही. किड्यांनाच काय ते वेळेवर मिळालं.

असो. तू ह्याची काही काळजी करू नकोस. आपली खुशाली कळावी आणि तुझी कळावी, एवढ्यासाठीच लिहिलं. उद्या रात्री गच्चीवर दूध आटवू, तू असतीस तर साखर बेताची पडली असती.

तुझी
चारू

ता. क. – वाचून तुला वाटेल, की ह्या चौबळांशी आपलं नातं निघतं तरी कुठून. ते घाईत सांगण्यासारखं नव्हतं म्हणून वर लिहिलं नाही. आत्या, ते तुझ्याकडून निघतं. तुझं आणि भास्कररावांचं लग्न ठरलं होतं आणि मग राज्यं वेगळी झाली, त्यांच्या वडिलांची नेमणूक महाराष्ट्रात गेली, ते सगळे निघून गेले आणि ते तसंच राहिलं, एवढंच मला माहीत आहे. तेसुद्धा तुकड्यातुकड्यांनी, कारण आजीसमोर विषय निघाला की तिचं दूध उतू जायचं, मग गॅस पेटलेला असो वा नसो. बाबांच्या हिशेबात मोडलेलं लग्न हेही नातंच. मोडायला आधी जुळावं लागतं ना, असं ते मला विचारतात.

ता. क. २ – आता खरं काम. बंगलोरच्या बाईंना मी हे फोनवर समजावलं (त्यांना ते समजायला वेळ लागला, पण शेवटी त्या माझ्याइतक्याच गुंतल्या). त्या म्हणाल्या, नुसती बोलणी झाली असतील तर ते नातं नाही. रीतसर साखरपुडा झाला असेल तर ते ठरलेलं लग्न, म्हणजे नातं. तर झाला होता का? बाबा म्हणतात, झाला होता. पुरावा काय, तर त्यांनी त्या दिवशी पेढे खाल्ले. तेव्हा ते नऊ-दहा वर्षांचे होते आणि त्या वयात ते बारशाचे, मुंजीचे आणि शेजारच्यांचा मुलगा पास झाल्याचे, सगळेच पेढे खात होते. मी म्हटलं, पसंतीचेही पेढे असतात. ते म्हणाले, पसंतीला बर्फी आणतात. ह्यावर आमच्यात दोन दिवस वाद झाला आणि निरुपमाबेनही त्यात पडल्या (त्यांच्यात साखरपुड्याला गोळधाणा वाटतात, पण ह्या बाबतीत त्या माझ्या बाजूने आहेत). ते बघितलेलं आता तुझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. तेव्हा तू एका ओळीत लिहून पाठव, "फक्त बोलणी झाली होती, साखरपुडा झाला नव्हता." खाली सही कर. महिनाअखेरच्या आत मिळालं पाहिजे. हे एवढंच मागायला मी इतकी पानं लिहिली, हे तू पहिल्या पानावरच ओळखलं असशील.

ता. क. ३ – पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा उघडलं. मघा चौबळसरांचा पुण्याहून फोन आला. त्यांनीही आपल्या बाजूने चौकशी केली होती. भास्करराव नाशिकला असतात. पत्नी वारल्या, मुलाकडे राहतात, नातवंडं आहेत, पेपर अजून बिनचष्म्याचा वाचतात. सरांनी त्यांना सरळ विचारलं, काका, बडोद्याच्या लीलाताईंशी तुमचा साखरपुडा झाला होता की नुसती बोलणी? सर म्हणाले, काकांनी आधी नातवंडांना खोलीबाहेर पाठवलं. मग म्हणाले, "लीला आहे ना अजून? मग तिला विचारा. ती म्हणेल ते खरं."

आत्या, वरची ती ओळ मी सांगितली म्हणून लिहू नकोस. झाला नसेल तर नाही लिही. पण झाला असेल तर झाला म्हणूनच लिही आणि सही कर. मी मकरपुऱ्याला जाईन, रंगाचे डबे उघडीन, रविवारी पादऱ्याला जाऊन किडे मोजीन. वाईट वाटेल, खूप वाटेल, पण ते माझं मी बघेन. ज्या गोष्टीला कोणीतरी आयुष्यभर हो किंवा नाही म्हटलं नाही, तुझ्यावर ठेवली, ती माझ्या फेलोशिपसाठी खोटी पाडू नकोस. फक्त उत्तर काहीही असलं तरी ते पाकीट माझ्या नावाने विभागाच्या पत्त्यावर पाठव, घरी नको. बाबांचं बरोबर निघालं असं त्यांना कळलं तर ह्या घरात राहणं मुश्कील होईल.